पलीकडचा कॅमेरा

दोन्ही कॅमेरे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते आणि शेजारचे टॉयबर्ट डोळे मिटून त्यांचे आवाज ऐकत होते. आधी एकाचं बटण दाबायचं, मग दुसऱ्याचं. फोटो-मंडळाचे ते अध्यक्ष. कॅमेऱ्यांच्या बाबतीत ड्रेस्डेनच्या त्या इमारतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण सीमेपलीकडून आलेल्या कॉफीचा वास जिन्यात पसरला की ते वाट चुकल्यासारखे नेमके गुड्रुनच्या दारात येत.

एक कॅमेरा घरचा, साक्सोना. दुसरा मेरिडोर. गुड्रुनची मोठी बहीण इर्मा तो कालच कासेलहून घेऊन आली होती. देशाच्या मधोमध भिंत उभी राहायच्या वर्षी ती पलीकडे, पश्चिमेला गेली, त्याला आता सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती दुसऱ्यांदाच येत होती.

"याला म्हणतात आवाज," टॉयबर्ट मेरिडोर कानाशी धरून म्हणाले. "आणि हा खटका बघा, कसा लोण्यासारखा सरकतो. आपल्याकडे असं काही बनायला अजून वीस वर्षं लागतील."

"ऐकलंस का, गुड्रुन?" तिचा नवरा लोथार म्हणाला. "जा, सांग तुमच्या कारखान्यात. अकरा वर्षं नुसती खुर्ची उबवताय."

गुड्रुनने केकचा तुकडा त्याच्या ताटलीत वाढला. ती साक्सोनाच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला शेकडो शटर तिच्या कानांवरून जात. टॉयबर्टनी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं, की दोन्हींचा आवाज एकच आहे. खटकाही एकच. खरं तर घरचा जरा जास्तच मऊ होता.

"बघू," ती म्हणाली. तिने मेरिडोर हातात घेतला, लेन्स फिरवून काढली आणि आतल्या काळ्या पोकळीत खाली डावीकडे पाहिलं. टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका तिथे होता.

तिच्या खोलीत सहा जणी तपासायला बसत आणि सहा जणींचे सहा रंग होते. ठिपका शाबासकीसाठी नव्हता. माल परत आला तर कुणाची मान धरायची, ते कळावं म्हणून होता. हिरवा तिचा. खिडकीजवळच्या टेबलावर सगळ्यात शेवटी नावाची पट्टी बसे. काहींवर इथलं नाव, काहींवर पलीकडच्या दुकानदारांनी कळवलेलं. मग खोकी मालगाडीत चढत. गेलेलं खोकं रिबीन बांधून आपल्याच घरी परत येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिला हसू आलं नाही, राग आला. टॉयबर्टचा नाही, ते तसेच होते. लोथारचाही फारसा नाही. राग इर्माचा आला. कारखान्यात लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिने बहिणीला आपल्या कामाबद्दल, हिरव्या ठिपक्यापासून नावाच्या पट्ट्यांपर्यंत, चार पानं भरून लिहिलं होतं. उत्तरात कासेलचा पाऊस होता आणि इर्माचा खोकला. त्यानंतर अकरा वर्षांत इर्माने एकदाही विचारलं नव्हतं, तू तिथे करतेस तरी काय. आणि आता तिच्याच हातची वस्तू भेट म्हणून तिच्यासमोर ठेवून बसली होती.

एक वाक्य पुरेसं होतं. टॉयबर्टचं तोंड बंद झालं असतं आणि लोथार महिनाभर मान खाली घालून जेवला असता. पण त्यांच्याबरोबर इर्माचंही हसं झालं असतं. गुड्रुनला तेही हवं होतं. तिने तोंड उघडलं.

इर्मा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती गुड्रुनच्या चेहऱ्याकडे बघत होती. इर्माच्या कोटाची तिसरी गुंडी तुटली होती आणि तिथे दुसऱ्याच रंगाची लावली होती. पलीकडेही काही सोन्याचा धूर निघत नव्हता तर.

"छान आहे," गुड्रुन म्हणाली आणि लेन्स परत बसवली. मग रिकामे कप गोळा करून ती स्वयंपाकघरात गेली. आपण माघार का घेतली, हे तिचं तिलाही कळलं नाही. नळाखाली कप धरून ती नुसती उभी राहिली.

इर्मा मागोमाग आली. तिने दार लावून घेतलं.

"पाहिलास ना?"

"काय?"

"ठिपका."

गुड्रुनने वळून पाहिलं. नळ तसाच वाहत होता.

"तुझी पत्रं इथले सरकारी लोक फोडून मग पुढे पाठवायचे," इर्मा हळू आवाजात म्हणाली. "डिंक दोनदा लावलेला दिसायचा. मी उत्तरात कारखान्याबद्दल एक अक्षर जरी लिहिलं असतं तर तुझी तिथली जागा गेली असती. म्हणून पाऊस लिहायचे. खोकला लिहायचे. मला कधी खोकला झालाच नाही, गुड्रुन."

"पण हा... हा तुला मिळाला कसा?"

"तीन दुकानं फिरले. सतरा खोकी उघडायला लावली. शेवटचा माणूस वैतागला. म्हणाला, बाई, सगळे सारखेच आहेत, कुठलाही उचला. मी म्हटलं, सारखे नाहीत. मला हिरव्या ठिपक्याचा द्या, तो माझ्या बहिणीने केलाय."