फुगलेलं दार

'मेटास्टॅसिस' म्हणताना डॉक्टर सुतारकाकांऐवजी त्यांच्या मुलाकडे बघत होते, तेव्हाच काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"म्हणजे काय रे?" त्यांनी दवाखान्याच्या जिन्यातच मुलाला गाठलं.

"काही नाही बाबा, जुनी सूज आहे. दमट हवेत दार फुगतं ना, तसंच. हवा पालटली की आपोआप बसेल."

उत्तर काही काकांच्या गळी उतरेना. त्यात, घरभर भुसा सांडतो म्हणून रोज तोंडाचा पट्टा सोडणारी सून त्या संध्याकाळी गुपचूप केर काढून गेली, वर "बाबा, दमलात का?" असंही विचारलं तिने. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

काकांनी परगावी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या लेकीला फोन लावला. आईच्या बांगड्यांवरून बिनसल्यापासून ती भावाचं नावही काढत नव्हती. त्याची री ओढायला ती कशाला जाईल! मुलगा काय म्हणाला ते काकांनी मुद्दामच सांगितलं नाही, नुसता शब्दाचा अर्थ विचारला.

लेक घसा खाकरून म्हणाली, "जुनी सूज हो, बाबा. दमट हवेत दार फुगतं ना, तसंच. हवा पालटली की आपोआप बसेल."

 

"बरं," म्हणून काकांनी फोन ठेवला, तेव्हा आजार केवढा मोठा आहे ते त्यांना कळलं होतं. पोरं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागली होती.