बाल्कनीतली पेटी

बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि शेजारच्या कारखान्याचा इंजिनिअर त्यांनीच बाल्कनीत बसवलेली, हवेतली धूळ मोजणारी पेटी काढायला आला. मोबाईलवर दिसणारा पेटीचा आकडा त्याने लेकीपुढे धरला. “ताई, तीन वर्षांत धूळ एकदाही वाढली नाही. बाबांच्या दम्याचं खापर आमच्यावर फोडू नका.” ती बाल्कनीत गेली. पेटी मळू नये म्हणून बाबांनी जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं. घरातल्या रिमोटलाही ते असंच कव्हर शिवायचे. पेटीवरचं हे कव्हर बाहेरून धुळीने काळंकुट्ट झालं होतं. “दर महिन्याला तपासायला यायचात ना? हे दिसलं नाही?” “दिसायचं की,” तो हसला. “म्हाताऱ्या माणसाची हौस, मी कशाला मोडू?” तिने नाडी सोडून कव्हर काढलं. मिनिटाभरात त्याच्या हातातला मोबाईल धोक्याचा इशारा देत वाजू लागला. आकडा चढत गेला. त्याने मोबाईल खिशात टाकला. ती दार अडवून उभी राहिली. “काढा बाहेर. मोठ्यानं वाचा.”