मायनस सोळा

"यातला एक प्रोग्राम चोरीचा आहे," हेमचंद्र सर म्हणाले आणि दोन्ही प्रिंटआउट त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. "ज्याचा चोरीचा, त्याचं नाव आज कोर्समधून कमी."

तेजस्वी प्रिंटआउटवर वाकली. कोर्स इंटरनेटवरचा, उल्हासनगरच्या या सेंटरवर फक्त परीक्षेपुरतं यायचं. सर्टिफिकेट मिळालं की जूनपासून बदलापूरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी पक्की होती. आणि कामगारांच्या हजेरीचा हा प्रोग्राम तिचाच होता. २००६ साली चामटोली गावात घरी कुठलं इंटरनेट? रोज बदलापूरचा सायबर कॅफे गाठून तिने तो तीन आठवडे घासून केला होता.

शेजारी बसलेल्या राजरत्नला ती आज पहिल्यांदाच बघत होती. तो अंबरनाथच्या कारखान्यात वेल्डर होता. चॅटवर तो शंका विचारायचा, ती आपल्या प्रोग्रामची एकेक ओळ समजावायची. एकमेकांना शिकवा, असं कोर्सवालेच सांगत. पण दुसऱ्याचा प्रोग्राम आपला म्हणून द्यायचा नाही, हाही नियम होता. या शहाण्याने तिचा प्रोग्राम जसाच्या तसा दिला होता. तेजस्वीला त्याचा भयंकर राग आला.

"सर, माझा आहे. मी केलाय."

"बघू." सरांनी पेन उचललं. "दोन्हींत एकच ओळ वेगळी आहे. कामगार रात्री दहाला आत आला, सकाळी सहाला बाहेर पडला. राजरत्नचा प्रोग्राम आठ तास सांगतो. तुझा सांगतो, मायनस सोळा."

रात्रपाळीचा विचार तेजस्वीने केलाच नव्हता.

"उतरवून घेणाराच असा चुकतो," म्हणत सरांनी नावांची यादी पुढे ओढली. चॅट झालं कॅफेच्या मशीनवर, त्याचा पुरावा ती कुठून आणणार? राजरत्न आता नुसता गप्प बसला, तरी सुटला असता. सरांचं पेन तिच्या नावावर टेकलं.

"सर, एक मिनिट," राजरत्न खाली बघत म्हणाला. "प्रोग्राम ताईंचाच आहे. मी माझ्या रात्रपाळीच्या कार्डावरच्या वेळा टाकून चेक केलं, तर मायनस सोळा आलं. मला वाटलं, उतरवताना मीच कायतरी घोळ केला. म्हणून बसून दुरुस्त केलं."