ठकीविरुद्ध पुरावा

ॲलर्जीच्या चाचणीची ठरलेली मिनिटे उलटून गेली, तरी वकीलसाहेबांचा हात कोराच राहिला. मनगटापासून कोपरापर्यंत थेंबांच्या दोन रांगा होत्या. धूळ, बुरशी, परागकण; आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मांजर. प्रत्येक थेंबाखाली डॉक्टरीणबाईंनी सुईने हलकेच टोचले होते. फुगवटा मात्र एकाही जागी नव्हता.

"म्हणजे आमची ठकी सुटली?" वकीलीणबाईंनी खुर्चीतून पुढे झुकत विचारले.

"घाई करू नकोस," वकीलसाहेब कोरडेपणाने म्हणाले. "ती शेजारी राहायला गेली आणि माझी खाज थांबली. याहून मोठा पुरावा कोणता?"

ठकी ही मांजरी. मुलगी परगावी शिकायला गेली, तेव्हा तिला आईच्या ओटीत टाकून गेली होती. तेव्हापासून वकीलीणबाईंचे बोलणे-चालणे, रुसणे-फुगणे सारे ठकीशी. पुढे वकीलसाहेबांच्या अंगावर खाजऱ्या गांधी उठू लागल्या आणि काही केल्या हटेनात. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. रोज एक, ठरल्या वेळी, खाज असो वा नसो. जास्त उठल्या म्हणून आपल्या मनाने दोन घ्यायच्या नाहीत. डोळे जड वाटले तर गाडीला हात लावायचा नाही. "अशा जुनाट गांधींना बाहेरचं कारण बहुधा सापडत नाही," असेही त्या म्हणाल्या होत्या. परंतु आरोपीशिवाय गुन्हा ही कल्पनाच वकीलसाहेबांना मान्य नव्हती. त्यांनी ठकीला पिंजऱ्यात उभे केले. घरात रणे माजली. अखेर तडजोड झाली: चाचणी करायची, आणि दोष सिद्ध झाला तर ठकीने कायमचे घर सोडायचे.

चाचणीपूर्वी आठवडाभर गोळी बंद ठेवणे आवश्यक होते. आपल्या सचोटीवर कोणी बोट ठेवू नये म्हणून वकीलसाहेबांनी गोळ्यांची पट्टी प्रतिपक्षाच्याच हवाली केली.

"हा मुद्देमाल तुझ्या ताब्यात. उद्या म्हणायला नको, यांनी चोरून खाल्ली."

"ठेवते हो," वकीलीणबाई म्हणाल्या आणि पट्टी पर्समध्ये टाकली. ठकीला त्यांनी त्याच दिवशी, निकाल लागेपर्यंत, डोळे पुसत शेजारी पोहोचवले.

पहिल्या दोन रात्री वकीलसाहेबांनी पाठीवर ओला टॉवेल टाकून येरझारा घालत काढल्या. नंतर चमत्कार व्हावा तशी खाज उतरली. ठकीचे केस घरातून झाडून काढल्याचा हा परिणाम, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो जेवताना रोज निकाल वाचून दाखवावा तसा ऐकवला. तक्रारी उरल्या दोनच. रात्रीचे दूध कडवट लागे. त्याबद्दल त्यांनी दूधवाल्याला भेसळीच्या कायद्यावर उभ्या उभ्या व्याख्यान दिले. आणि दुपारी कोर्टात पापण्या मिटत, एकदा तर न्यायाधीशांना विचारावे लागले, "वकीलसाहेब, युक्तिवाद संपला की झोप?"

डॉक्टरीणबाईंनी आता कोपराजवळच्या शेवटच्या थेंबावर बोट ठेवले.

"हा थेंब मांजराचा नाही, धुळीचाही नाही. हा कुणाच्याही हातावर फुगतो. फुगायलाच हवा. तुमच्या हातावर तोही फुगला नाही. म्हणजे गोळी अंगात आहे आणि चाचणी फुकट गेली."

"अशक्य! मी शपथेवर सांगतो, गोळीला हातही लावलेला नाही."

"मग ती पोटात गेली कशी?"

वकीलसाहेबांनी उलटतपासणीच्या सवयीने मान वळवली. वकीलीणबाई पर्सची कडी उघडत होत्या, मिटत होत्या.

"दुधातून," त्या म्हणाल्या. "कुटून."

"अहो बाई, न सांगता कुणाला औषध देतात का?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "सर्दीसाठी त्यांनी वरून आणखी काही घेतलं असतं तर? गाडी चालवताना डोळा लागला असता तर?"

"चुकलं माझं. पण यांचं ते खाजवणं बघवेना हो."

वकीलसाहेबांनी आजवर दुसऱ्यांचे पुरावे पाण्यात बुडवले होते. आपला दुधात बुडालेला ते प्रथमच पाहत होते. पण त्याहून भलतीच एक गोष्ट त्यांच्या तर्कात बसेना. गोळीगणिक त्यांना आराम पडत होता, आणि आरामागणिक ठकीच्या गळ्याभोवतीचा फास आवळत होता. तो आवळणारे हात ठकीच्याच वकिलाचे होते.

"अगं," ते अगदी हळू, कोर्टात कधीही न लावलेल्या आवाजात म्हणाले, "मला बरं वाटलं की ठकी जाणार, एवढंही तुला कळलं नाही?"

"कळत होतं की," वकीलीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर पहिल्या दोन रात्री दिली नाही."