सातवी ओळ

फावड्याच्या दांड्याचा पहिला तडाखा निकेशच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज गोटीरामला स्पष्ट ऐकू आला आणि, खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. पाठीवरच्या फवारणीच्या पंपासकट निकेश भाताच्या चिखलात आडवा झाला.

"इख वततंस काय रं? बापाचे शेतान?"

"दादा, आयक..." तोंडातल्या रक्तातून निकेश एवढंच बोलू शकला. त्याने हात वर केला. दुसरा तडाखा त्या हातावर बसला, तिसरा बरगड्यांवर. मग गोटीरामने सख्ख्या धाकट्या भावाला काखेत धरून बांधावर ओढलं. एका पायातला गमबूट चिखलातच राहिला.

भाऊ शेतात विष ओततोय, हा गोटीरामचा संशय काही हवेतून आला नव्हता. जासईत चारी बाजूंनी भराव पडून कंटेनर यार्ड उभे राहिले होते, मध्ये त्याचे हे बारा गुंठे तेवढे शिल्लक होते. दोन वर्षांपूर्वी खाडीचा बांध फुटला, उधाणाचं पाणी आत शिरलं आणि माती खारली. तेव्हापासून भात पिवळं पडायचं. "दादा, ही माती मेली. इकून टाक," असं गेल्या शिमग्याला निकेशच बोलला होता. त्यावर गोटीरामने त्याला घराबाहेर काढलं. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद.

आणि खाडीकाठची तिवरं कशी मेली, हे गोटीरामने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणीतरी सकाळी असाच पंप घेऊन आला, झाडांच्या मुळांवर पांढरं पाणी मारून गेला. पंधरा दिवसांत तिवरं वाळली, महिन्याभरात तिथे डंपर लागले. त्यामुळे रविवारच्या सकाळी आपल्या शेतात, न सांगता, पंप मारणारा भाऊ दिसल्यावर त्याने विचारपूस केली नाही.

निकेशची बायको रुतिका त्याला दवाखान्यातून सीवूड्सच्या घरी घेऊन गेली. जबडा तारांनी बांधलेला, म्हणून निकेशने पोलिसांना कागदावर लिहून दिलं, बांधावरून पाय घसरला. गोटीरामला हे कळलं तेव्हा तो हसला. चोर कशाला तक्रार करतोय, असं त्याचं म्हणणं.

निकेशची बाटली बांधावर सापडली होती. पुरावा म्हणून ती गोटीरामने फळीवर ठेवली होती. त्याची मुलगी मनस्वी बारावी सायन्सला. तिने लेबल वाचलं.

"बाबा, हे विष नाय. नॅनो सिलिका हाय, काकाच्या रबाळ्याच्या कंपनीत बनवतात. एकदम बारीक कण असतात, पानातून आत जातात. मग रोप खारात पन टिकतं."

"बाटलीवर इख हाय असा कोन लिवतं?" म्हणत गोटीरामने बाटली हिसकावली आणि भिंतीवर फोडली. उडालेल्या काचेने मनस्वीचा गाल चिरला. ती रडली नाही. त्या दिवसापासून तीही त्याच्याशी बोलेनाशी झाली.

गोटीराम शेताकडे फिरकला नाही. मेलेलं भात बघायची त्याची छाती नव्हती. माणसांना मारता येतं म्हणून तो शूर होता असं नाही. तेराव्या दिवशी मात्र तो कोयता घेऊन निघाला. वाळलेली रोपं कापायची, सीवूड्सला नेऊन निकेशच्या दारात टाकायची आणि त्याचा उरलेला हातही मोडायचा, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

बांधावर पोचला आणि जागीच थांबला.

शेत मेलं नव्हतं. बरंचसं नेहमीसारखं पिवळंच होतं. पण कडेच्या सहा ओळी हिरव्यागार होत्या, बापाच्या वेळेला असायच्या तशा. कोयता बांधावर टाकून तो चिखलात उतरला. प्रत्येक ओळीला हात लावत पुढे गेला. सातवी ओळ अर्ध्यापर्यंतच हिरवी होती.

जिथून ती पिवळी पडली होती, तिथे चिखलात निकेशचा गमबूट उभा होता.