रेघ नसलेला थेंब

“रेघ अजून आहेच, ताई.”

डॉक्टरांनी कागद टेबलावरून परत सरकवला. चौथा कागद. चित्रकार बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि चित्राऐवजी डॉक्टरांकडेच बघितलं.

“पुसलीय मी. तुमच्यासमोर पुसलीय. आता काय कागदाची सालं काढू?”

डॉक्टर लिहीत असलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं चित्र होतं. जिवंत पेशी, आणि तिच्या आत एक थेंब. थेंबाला कातडी नाही, पापुद्रा नाही, भिंत नाही. तरी तो वेगळा राहतो, आणि त्याच्या आत त्याचं ठरलेलं काम चालतं. एवढंच दाखवायचं होतं. बाई बत्तीस वर्षं शाईच्या ठिपक्यांनी अशी चित्रं काढत आल्या होत्या. बेडकाचं काळीज काढलं, माशीचा डोळा काढला. एकही कागद कधी परत आला नव्हता. हा थेंब मात्र हात धुऊन मागे लागला होता.

पहिल्या कागदावर त्यांनी सवयीने ठसठशीत रेघ ओढली. दुसऱ्यावर तुटक. तिसऱ्या वेळी मुलीने कॉम्प्युटरवर कड पुसट करून दिली. डॉक्टर म्हणाले, “हे धुकं झालं. थेंब कुठे गेला?” चौथ्या वेळी बाईंनी पेन्सिलीने हलका गोल आखला, आत ठिपके भरले आणि गोल खोडून टाकला.

“इथे बघा.” डॉक्टरांनी भिंग पुढे केलं.

बाईंनी बघितलं. रेघ गेली होती. पण ठिपके तिच्यापाशी येऊन थांबले होते, शाळा सुटल्यावरही रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांसारखे.

“उद्या दुपारी पानं छापायला जातात,” डॉक्टर म्हणाले. “हे झालं नाही, तर जुनंच चित्र घालणार आहेत.”

जुनं चित्रही बाईंचंच. वीस वर्षांपूर्वी काढलेलं. तेव्हा पुस्तक डॉक्टरांच्या सरांचं होतं, आणि थेंबाभोवती काळीभोर रेघ होती. सर म्हणायचे, “भिंतीशिवाय खोली नसते. मला कड दिसते, म्हणजे तिथे भिंत आहे.” डॉक्टर म्हणायचे, “भिंतबिंत काही नाही.” एकदा भर सभेत दोघांची जुंपली आणि डॉक्टर बोलून गेले, “सर, डोळे तपासून घ्या.” पुढे प्रयोगांनी शिष्याचंच खरं केलं. पण त्या दिवसापासून अकरा वर्षं गुरुशिष्यांत शब्द नव्हता.

“रेघ सरांची, पुसायची तुम्हाला आणि जीव जातोय माझा,” बाई म्हणाल्या. “धरून कोण ठेवतं हो तुमच्या थेंबाला? देवच ना?”

“देव असेल. पण तोही हातांनीच धरतो.” आठवड्यात डॉक्टर पहिल्यांदा हसले. “काही रेणूंना पुष्कळ हात असतात. सैल हात. एकाचा धरला, सोडला, दुसऱ्याचा धरला. बाकीचे त्यांच्याभोवती जमतात. येतात, जातात. ते पुष्कळ हातांचे तेवढे काढून घ्या, थेंब विरघळतो.”

डॉक्टर गेले. बाई कितीतरी वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसल्या.

त्यांचे वडील संध्याकाळी चौकात गायला बसत. देवाचं गाणं, मध्येच एखादी गोष्ट, पुन्हा गाणं. चार-पाच जण पहिल्या सुरापासून सूर धरणारे. त्यांच्याभोवती माणसं दाटत. दोरी कोणी बांधली नव्हती. कडेचा एखादा कामाला निघून जाई, त्याच्या जागी दुसरा येऊन उभा राही. दाटी होती तिथवर दाटी, आणि मग एकदम मोकळा चौक. गच्चीवरून बघणाऱ्या लहानग्या मुलीला तो केवढा गोल वाटे! वडील आणि ते चार-पाच उठले, की गोलही नाही.

बाईंनी पेन्सिल खणात टाकली आणि खण लावून घेतला. मग कागदाच्या मधूनच सुरुवात केली. आधी थोडे ठळक ठिपके, मग त्यांच्या आसऱ्याने बाकीचे. काही आत येणारे, काही बाहेर निघालेले. आतले जसे, बाहेरचेही तसेच. फक्त आत दाटी, बाहेर मोकळं. मध्ये दोनदा पाठ धरली, एकदा शाई सांडता सांडता राहिली, आणि थेंबाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. दुपार गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या पुन्हा बसल्या.

अकराला डॉक्टर आले. कागद हातभर लांब धरून त्यांनी बघितला. त्यांचं बोट आपोआप थेंबाच्या कडेने फिरलं, पुरता वळसा घालून आलं. चेहरा पडला.

“पुन्हा तेच, ताई? ही काय, दिसतेय की ढळढळीत!”

बाईंनी भिंग पुढे केलं.

डॉक्टर वाकले. ठिपका, जागा, ठिपका. कोणी कोणाच्या रांगेत नव्हतं. त्यांनी कागद फिरवत फिरवत अख्खी कड तपासली. भिंग बाजूला केलं, रेघ दिसली. भिंग लावलं, नाही. असं तीनदा केलं.

“नाहीये,” ते म्हणाले.

“कुठून असणार? पेन्सिल खणात आहे. झडती घ्या हवी तर.”

डॉक्टर खुर्चीत बसले. छपाईवाल्यांचा फोन वाजत होता, तो त्यांनी घेतला नाही.

“आता का गप्प?” बाईंचा पारा चढला. “सहावा कागद घेऊ?”

“नको,” डॉक्टर म्हणाले. “याची एक प्रत जास्त करा, ताई. सरांकडे न्यायचीय. त्यांचे डोळे चांगले होते.”