खो-खो कुठं गेलं?

“काहून वं, माझं खो-खो कुठं गेलं?” लीलाबाई ओरडल्याच.

हेमलताने कपाळाला हात लावला. महिला मंडळाचं ॲप तिने बनवलं होतं आणि मंडळाच्या अध्यक्ष लीलाबाई ते वापरून बघायला राइट टाउनच्या तिच्या छोट्याशा ऑफिसात आल्या होत्या. त्यात या अध्यक्ष म्हणजे तिच्या होणाऱ्या सासूबाई! लग्नात त्यांचा श्रीरंग ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिणार होता, आणि ते ‘विनता’ असावं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हेमलताला ते नाव मुळीच नको होतं. ऑफिसात भल्याभल्यांना गप्प करणारी ही पोरगी इथे मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

लीलाबाईंनी ॲपमधल्या आपल्या पानावर एका बोटाने भरभरून लिहिलं होतं. शाळेच्या खो-खो संघाच्या कर्णधार होत्या त्या, थट्टा आहे काय! मग वर नावाच्या जागी नुसतं ‘लीला’ बरं दिसत नाही म्हणून पुढे ‘बाई’ जोडलं. झालं. पान कोरं.

“चूक माझी आहे, काकू,” हेमलता म्हणाली. “पडद्यावरच्या प्रत्येक पानाला एक किल्ली असते, ते पान कोणाचं हे ओळखायला. मी ती नावावरून बनवली. नाव बदललं की मशीनला वाटते, जुनी बाई गेली, नवी आली. नवीला मग ते कोरं पान देते.”

“लय शहाणी तुझी मशीन!”

“चहा घ्या, तोवर करते दुरुस्त.”

आणि तिने केलंही. आता किल्लीत मंडळाच्या शाखेची खूण आणि पुढे त्या बाईला कायमचा दिलेला आकडा. मशीन त्या किल्लीचे दोन भाग करून वाचणार, शाखा ओळखणार, पान ओळखणार. नावाशी तिचा संबंधच नाही. लीलाबाईंनी कुरकुरत सगळं पुन्हा लिहिलं आणि नाव बदलून बघितलं. लीला, लीलाबाई, परत लीला. खो-खो जागचं हललं नाही.

“अच्छा! म्हणजे नाव बदललं तरी काही पुसल्या जात नाही,” लीलाबाई खुशीत आल्या. “मग विनताला काय हरकत आहे?”

हेमलताने कीबोर्ड बाजूला सारला. आता नाही बोललं, तर जन्मभर विनता.

“मशीनला चालते, काकू. मला नाही चालत.”

लीलाबाईंनी चहाची कपबशी बाजूला ठेवली.

“चलो, ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “श्रीरंगला सांगते, हेमलताच लिही म्हणून.”

हेमलताचा जीव भांड्यात पडला. लीलाबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. त्यांनी ‘लीला’ खोडलं आणि एकेक अक्षर शोधत तिथे लिहिलं, ‘इंदिरा’.

“ही कोण, काकू?”

“खो-खो खेळत होती ना, ती. लीला तर ताटातल्या तांदळात जन्मली, बेटा.”